भाजलेलं बियाणं

तुळसाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी एका म्हाताऱ्या माणसाचे खांदे मशीनच्या पाटीला टेकवत होते. दार ढकलून त्या सरळ आत आल्या. एक्स-रेच्या खोलीत असं कुणी घुसत नाही. दारावर सूचना आहे, वर लाल दिवा आहे, आणि ह्या दोन्हींपेक्षा लोकांच्या मनातली भीती पुरेशी असते. पण त्या आल्या, पदर कमरेला खोचून, आणि बाहेर बाकड्यांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हीच ती. हिनंच मुद्दाम केलान. नऊ वर्सं डूक धरून होती." उघड्या अंगाच्या म्हाताऱ्याने मान वळवून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, माझा फोटो झाला का?" मी म्हटलं, "अजून नाही बाबा. शर्ट घाला, दोन मिनिटं बाहेर बसा." माझा आवाज अगदी रोजच्यासारखा निघाला. खरं काय ते सांगते, मला आधी आनंद झाला. ज्या बाईने माझ्या पोटी काही रुजणार नाही असं गावभर करून टाकलं, ती बाई आज मला भ्यायली होती. तिचा खालचा ओठ हलत होता. तिच्या पाठीमागे, उघड्या दारातून, बाकड्याच्या टोकाला तिची सून ऋतिका दिसत होती, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या छातीचा एक्स-रे मीच काढला होता.

महाडला डेपोकडून बाजारपेठेत शिरताना डाव्या हाताला आमचं सेंटर आहे. अकरा वर्षं मी तिथे एक्स-रे काढते. तंत्रज्ञ हा शब्द फक्त माझ्या प्रमाणपत्रावर आहे. महाडात आणि पोलादपुरात मी 'फोटोवाली' आहे. लोक केस विंचरून येतात. एक माणूस पावडर लावून आला होता, कारण मुलगा दुबईहून म्हणाला होता की फोटो पाठवा. रात्री मटण खाल्लं तर त्यात दिसेल का, असं विचारणारे महिन्यातून दोन तरी येतात. बहुतेकांना वाटतं की मी नुसतं एक बटण दाबते आणि तेवढ्यावर घर चालवते. उरलेल्यांना वाटतं की मला सगळं दिसतं, पण मी सांगत नाही. "काय हाय ते सांगा की, बाई," म्हणतात, आणि मी "डॉक्टर सांगतील" म्हटलं की नजर अशी टाकतात की जणू त्यांचंच काहीतरी मी लपवून ठेवलंय. मला दिसतं, हे खरं आहे. अकरा वर्षांत डाग कुठला साधा आणि कुठला नाही, ते मला डॉक्टरांच्या आधी कळतं. पण सांगायचा अधिकार माझा नाही, आणि ह्या गप्प राहण्याची सवय माणसाला लागली की ती खोलीबाहेरही सुटत नाही. मात्र ह्या सगळ्या समजुती परवडल्या. एक तेवढी परवडली नाही. ती म्हणजे किरणांत उभं राहणाऱ्या बाईच्या अंगात किरणं साठत जातात, ही. आई रोज संध्याकाळी दारातच माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. किरणं गुळाने उतरतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी हसून तो खायचे. पुढे मला कळलं की माझ्या सख्ख्या आईचाही त्यावर विश्वास होता, फक्त ती माझ्या बाजूने विश्वास ठेवत होती.

किशोरचं स्थळ आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावची माणसं, घरची भातशेती, मुलगा मुंबईला कंपनीत. पसंती झाली, सुपारी फुटली, अंगठी घातली. मला तुळसाबाईंना आई म्हणायला सांगितलं होतं आणि मी म्हणतही होते. किशोर रोज दुपारच्या सुट्टीत फोन करायचा आणि माझ्या कामाबद्दल विचारायचा, म्हणून तो मला आवडला होता. बाकी कुणी विचारत नसे. त्याला काहीतरी द्यावं असं मला वाटलं. जगात पहिल्यांदा जे एक्स-रे निघाले त्यांत एका बाईच्या हाताचा होता, बोटातल्या अंगठीसकट. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. एका दुपारी सेंटर रिकामं असताना मी माझा डावा हात पाटीवर ठेवला आणि एक फिल्म काढली. नियमात बसत नव्हतं. सगळी बोटं राखाडी आली आणि अंगठी पांढरीशुभ्र. पाकिटात घालून मी ती किशोरला दिली. त्याने ती पेटीत कपड्यांखाली ठेवली. तुळसाबाईंनी पेटी आवरायला काढली, फिल्म उजेडात धरली, आणि त्यांना आपल्या पोराच्या कपड्यांत मेलेल्याचा हात सापडला. चौथ्या दिवशी त्या आमच्या पडवीत येऊन बसल्या. पुढे ठेवलेल्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. पाकीट दोन बोटांत धरून जमिनीवर ठेवलं आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. पन रोज किरनांत उभी राहनारी. तिचा पोट म्हंजे भाजलेला बियाना. पेरून काय उगवनार?" किशोर पडवीच्या पायरीवर उभा राहून मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही. मी आतल्या दाराशी उभी होते आणि मला एवढंही सुचलं नाही की बाहेर येऊन बोलावं. उत्तर मला सुचलं ते पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, पोलादपूरच्या एसटीत बसले असताना. डोंगराच्या उतारांवर राब भाजत होते, सगळीकडे धूर होता. भाताचं रोप घालायच्या आधी जमीन भाजतात, पाला, गवत, शेण टाकून, आणि त्याच भाजलेल्या मातीत रोप तरारून येतं. तुळसाबाई हे लहानपणापासून करत आल्या होत्या. एसटीत माझ्या शेजारी एक अनोळखी बाई कोंबडी घेऊन बसली होती. तिला सांगून काही उपयोग नव्हता.

वाक्य मात्र फिरलं. कापड्याहून महाडला, महाडहून बिरवाडीला. पुढची दोन स्थळं तर बघायला न येताच नाही म्हणाली आणि तिसरं येऊन, पोहे खाऊन, "मुलगी एक्स-रेत असते ना?" असं विचारून गेलं. माझा भाऊ भरत ह्याच्या मुलाच्या बारशाला मी पाळण्यात वाकून बाळ उचललं. माझी भावजय सेजल हसत हसत आली, "द्या ताई, त्याला भूक लागलीय," म्हणाली आणि माझ्या हातातून त्याला घेऊन गेली. बाळ झोपलेलं होतं. झोपलेल्या बाळाला भूक लागत नाही एवढं मूल न झालेल्या बाईलाही कळतं. मी त्यानंतर माझे हात कुठे ठेवायचे ते विसरले; जेवणाच्या पंगतीत वाढायला उभी राहिले नाही. माझ्या छातीवर कामाच्या वेळी एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि एक कागद परत येतो. अकरा वर्षांचे चव्वेचाळीस कागद माझ्याकडे एका फायलीत आहेत. चव्वेचाळीस वेळा शून्य. एकवीसच्या जुलैत पुराचं पाणी सेंटरात शिरलं तेव्हा सगळे कॉम्प्युटर आणि औषधं वर चढवत होते आणि मी ही फाइल डोक्यावर धरून जिना चढले. सगळे हसले. मशीन बुडालं, नवं आलं. भिंतीवर पुराची रेषा अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर चार बोटं. फाइल कोरडी राहिली. ती बघायला कोणी मागितली नाही. त्या फायलीत शेवटी ते पाकीटही आहे, माझ्या हाताचं.

तीन आठवड्यांपूर्वी, भात झोडायचे दिवस, रोज तुसाच्या धुळीने खोकणारी पाच-सहा माणसं येत होती. मी चिठ्ठी हातात घेतली आणि आडनाव वाचलं. हे आडनाव मी एकदा वहीच्या मागच्या पानावर माझ्या नावापुढे लिहून पाहिलं होतं. ऋतिका, वय अठ्ठावीस, मुक्काम कापडे, खोकला वीस दिवस. बाहेर तुळसाबाई बसल्या होत्या, केस पांढरे झालेले. माझ्या तोंडाला मास्क होता. त्यांनी मला ओळखलं नाही. ऋतिका आत आली तर अगदी साधी मुलगी, पायांत घरच्या चपला, आणि लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही हे सगळ्या पोलादपूर तालुक्याला माहीत, म्हणजे मलाही. ते कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. मी तिला गाऊन दिला, वेणी वर बांधायला सांगितली, गळ्यातलं काढायला सांगितलं. काळे मणी फिल्मवर येतात. बायका मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये ठेवतात. तिने ते माझ्या हातात दिलं. गाऊन घालताना तिने परकराची नाडी सैल केली आणि दोन बोटं क्षणभर तिथेच ठेवली, आणि माझ्याकडे बघून थांबली. मला ते दिसलं. दिसणं हेच माझं काम आहे. आता नियम असा आहे की वयात आलेल्या प्रत्येक बाईला मशीनपुढे उभी करायच्या आधी विचारायचं: पाळी कधी आली होती, दिवस गेल्याची काही शक्यता आहे का. रजिस्टरमध्ये त्याचा वेगळा रकाना आहे. अकरा वर्षांत मी हा प्रश्न हजारो बायकांना विचारला असेल. लाजणाऱ्यांना, चिडणाऱ्यांना, सासू समोर असताना खोटं सांगणाऱ्यांना. तिच्या आधीच्या बाईलाही विचारला होता. ऋतिकाला मी विचारला नाही. विसरले नाही. प्रश्न जिभेवर होता आणि मी तो गिळला.

छातीच्या एक्स-रेने पोटातल्या मुलाला काही होत नाही. हे मला त्या खोलीतल्या भिंतींपेक्षा पक्कं माहीत आहे. किरणांची चौकट छातीपुरती असते आणि खाली जे जातं ते जमिनीतून आणि आभाळातून चार दिवसांत कुणाच्याही अंगावर येतं तेवढंही नसतं. प्रश्न विचारायचा तो शिस्त म्हणून, बाईचा मान म्हणून. माझ्या हातांनी चौकट नेहमीसारखी काटेकोर लावली, एक बोटभरही खाली जाऊ दिली नाही. हातांचं काम चोख होतं. पण मी काचेमागे गेले, डाव्या मुठीत किशोरने बांधलेलं मंगळसूत्र आणि उजवं बोट बटणावर, "श्वास घ्या, रोखून धरा," म्हटलं, आणि मनात म्हटलं, होऊ दे. लागू देत किरणं. ज्या खोट्या समजुतीने माझी नऊ वर्षं खाल्ली, ती त्या एका श्वासापुरती मी खरी मानली. मला ती खरी हवी होती. फोटो छान आला, फुप्फुसं स्वच्छ. खाली श्वासपटलाच्या दोन कमानी आणि त्यांच्या खाली चौकट संपलेली. मी मंगळसूत्र परत दिलं, "सोडा श्वास" म्हणायला विसरले होते ते म्हटलं, आणि रजिस्टरच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

"बोल की," तुळसाबाई म्हणाल्या. "तुज्या तोंडून ऐकायला आलेय मी. केलंस की नाय?"

"काय केलं मी, मावशी?"

मी मावशी म्हटलेलं त्यांना लागलं. सेंटरात येणाऱ्या सगळ्याच बायका माझ्या मावश्या असतात.

"सहा वर्सांनी राहिलाय तिला. सहा वर्सांनी. आनि तू त्याच्यावर किरनं सोडलीस. हितली फोटोवाली तूच ती, हे मला मागाहून कळला. डॉक्टरीनबाई बोलते काय होत नाय. ती तुमच्यातलीच, ती असाच बोलनार. आमच्या भावकीत हाय एक पोर तसा. वीस वर्साचा घोडा झालाय, आय अजून उचलून न्हेते त्याला परसाकडं. मी बघितलाय तिचा जल्म. माज्या घरात मला तसा नाय बघायचा." त्यांनी दम घेतला. "तीनची वेळ घेतलीय. खाली करून टाकतो. पन त्याच्या आधी तुला इचारनार, म्हनून आलेय."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. छातीच्या फोटोने काही होत नाही. लहान वाक्य आहे, एका श्वासात संपतं. मी ते तोंडात धरून ठेवलं. त्याची चव मी इतकी वर्षं कल्पनेत घेत आले होते की आता ते बाहेर सोडवेना. ही बाई घाबरून तीन वाजता दवाखान्याची पायरी चढेल, आपल्याच वंशाचं रोप स्वतःच्या हाताने उपटेल, आणि ज्या वाक्याने तिने माझं केलं त्याच वाक्याने तिचं होईल. मला काही करावं लागणार नाही, नुसतं गप्प राहायचं, आणि गप्प राहण्याचा तर मला पगार मिळतो. डॉक्टर सांगतील, एवढं म्हटलं की झालं. उघड्या दारातून ऋतिका माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. बाहेरच्या भिंतीवरची पाटी ठीक तिच्या डोक्यावर होती: आपण गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तंत्रज्ञास सांगा. सेंटराबाहेर रस्त्याच्या कडेला किशोर मोटरसायकलला टेकून उभा होता. पोट सुटलं होतं. मोबाइल बघत होता.

मी बाहेर आले. कपाटातून फाइल काढली आणि बाकड्यावर ऋतिकाच्या शेजारी ठेवली. "वाचता येतं ना? वाचा. मोठ्याने. ह्या रकान्यातलं." तिने पहिला कागद उलटला आणि शाळेत वाचतात तसं वाचलं, "शून्य." मग दुसरा. "शून्य." मी म्हटलं, "तारीखही वाचा." तिने तारखा वाचल्या. बाकड्यावरची माणसं आपापले खोकले दाबून ऐकत होती. नऊ वर्षांपूर्वीच्या कागदापाशी मी तिला थांबवलं. "मावशी, ही तारीख ऐकलीत? तुम्ही आमच्या पडवीत आलात त्या महिन्याची. माझ्या अंगावर किती किरणं पडली होती ते सरकारी तपासणीत मोजलेलं आहे. मला कुणी विचारलं नाही, नाहीतर तेव्हाही हेच दाखवलं असतं." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला चेव आला होता. मी टेबलावरचं रजिस्टर उचललं, तीन आठवडे मागचं पान काढलं आणि तेही तिच्या पुढ्यात ठेवलं. "आणि मुद्दाम केलं म्हणता ना? नियमाप्रमाणे विचारलं होतं यांना. ही खूण."

ऋतिकाने त्या खुणेवर बोट ठेवलं. ते बोट तिथून लवकर हललं नाही. मग तिने पान मिटलं आणि सासूकडे न बघता म्हणाली, "हो. विचारलं होतं मला."

"मग बोलली का नाय गो तू?" तुळसाबाई तिच्यावर उलटल्या.

"तेव्हा मलाच ठाव नव्हतं, आई."

ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. का ते मला कळलं नाही आणि कळून घ्यायला मी थांबले नाही. पाय जमिनीला टेकल्यासारखे झाले आणि पुढचं मी जे केलं ते त्या मुलीच्या जिवावर केलं, हे मला करतानाही माहीत होतं. "मावशी," मी म्हटलं, "दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. किरणांनी पोट जळत असेल, तर तुमची तीनची वेळ आहे, जा. मी अडवणार नाही. आणि जळत नसेल, तर नऊ वर्षांपूर्वी माझ्या बापासमोर जे बोललात ते खोटं होतं. दोन्हींतलं एक काय ते बोला. इथे बोला, सगळ्यांना ऐकू येऊ दे. तुम्ही सांगाल तेच मी खरं मानेन."

बाहेरून डेपोत शिरणाऱ्या एसटीचा हॉर्न आला. किशोर केव्हा दारात येऊन उभा राहिला ते मी पाहिलं नव्हतं. "आई, चल ना," तो म्हणाला, "उगा तमाशा." मग त्याची नजर माझ्या डाव्या हातावर गेली, बोटांवर, आणि त्याने ती पटकन काढून घेतली. तुळसाबाई चालत आल्या आणि बाकड्यावर जागा असताना खाली लादीवर बसल्या. कमरेला खोचलेला पदर सोडून त्यांनी तोंड पुसलं. आता त्या कापणीने दमलेल्या एका म्हाताऱ्या बाईसारख्या दिसत होत्या आणि मला ते नको होतं. मला त्या पडवीतल्या तुळसाबाई हव्या होत्या, ताठ बसलेल्या.

"पेटीत मेलेल्याचा हात बघितला मी," त्या म्हणाल्या. "एकुलता पोर माजा. भ्याले गो मी. मग कुनी काय काय सांगितलान." लादीवरची एक रेघ त्या बोटाने घासत राहिल्या. "नाय जळत."

"ऐकू आलं नाही."

मी खरंच असं म्हणाले. शर्टाची बटणं लावून बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. दोन बायकांनी नजर खाली घातली, तुळसाबाईंसाठी नव्हे, माझ्यासाठी.

"नाय जळत," तुळसाबाई मोठ्याने म्हणाल्या. "खोटा बोलली मी तुज्याबद्दल. भाजलेला बियाना बोलली, ते खोटा बोलली. आता तू बोल. ही पोर बरी सुटंल का? तिच्या पोटातला बरा हाय का?"

तेव्हा मी ते वाक्य सोडलं. छातीच्या फोटोने काही होत नाही. चौकट छातीपुरती होती, बोटभरही खाली गेलेली नाही, हवं तर फिल्म बघा. डॉक्टरीणबाई खरं सांगतात, तीनला जाऊ नका, घरी जा. एवढं सगळं मी बोलले. नऊ वर्षं जपलेलं ते वाक्य निघालं तेव्हा औषधाच्या चिठ्ठीसारखं कोरडं निघालं. तुळसाबाईंनी हात जोडले. मला की किरणांना, की भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरला, ते कळलं नाही. किशोरने त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि दोघं पायऱ्या उतरले. मी जिंकले होते. मला वाटलं होतं की जिंकल्यावर आधी ते बारसं आठवेल, झोपलेलं बाळ आणि माझे रिकामे हात, आणि आता ते दुखणार नाही. ते आठवलं, आणि तितकंच दुखलं.

ऋतिका मागे राहिली होती. "माझ्या फोटोचं पाकीट इथेच राहिलंय, ते घेऊन येते," असं तिने बाहेर ओरडून सांगितलं. मी कपाट उघडून पाकीट काढलं. ते घेताना ती माझ्या जवळ आली, इतकी की तिच्या केसांना अजून भाताच्या तुसाचा वास होता तो मला आला.

"तुम्ही मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

मी कपाटाचं दार लावलं.

"माझ्या आधीच्या बाईला विचारलंत. मला बाहेर ऐकू आलं होतं. पाटीही वाचली होती मी. दहा दिवस वर गेले होते माझे. सहा वर्षांत कितीदा असं वाटलं आणि फुकट गेलं, म्हणून घरात बोलले नव्हते. ठरवलं होतं, या बाई विचारतील, त्यांना पहिल्यांदा सांगू. परक्या बाईला सांगणं सोपं असतं." तिने पाकीट पर्समध्ये बसत नव्हतं ते काखेत धरलं. "मी थांबले होते. तुम्ही बघितलंत माझ्याकडे. आणि विचारलं नाहीत."

"मग मघाशी का..."

"मघाशी खरं बोलले असते तर आईंनी तुमच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नसता. तीन वाजता मला नेलं असतं." ती हे इतक्या शांतपणे बोलत होती की बाहेरून कुणी बघितलं असतं तर आम्ही औषधाबद्दल बोलतोय असं वाटलं असतं. "मला हे मूल पाहिजे. म्हणून तुमचं खोटं मी खरं केलं. जूनची तारीख दिलीय. मूल हातात आलं की मी येईन, त्याला घेऊनच येईन. तेव्हा मी विचारीन तुम्हाला. का विचारलं नाहीत ते."

ती पायऱ्या उतरली. किशोरने मोटरसायकल चालू केली, तुळसाबाई मधे बसल्या, ती मागे, पाकीट छातीशी धरून. डेपोच्या वळणावर ती तिघं दिसेनाशी झाली. नोव्हेंबर चालू होता. जूनपर्यंत सात महिने, आणि त्यात राब भाजायचे, पेरायचे आणि उगवायचे दिवस सगळे येणार होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याही चेहऱ्यावर नऊ वर्षं कुणाला दिसला नव्हता.

"बाई, आता माझा फोटो?" म्हातारा शर्टाची बटणं काढत दारात उभा होता. मी त्याचे खांदे पाटीला टेकवले, श्वास घ्यायला सांगितला, रोखायला सांगितला, आणि ह्या वेळी सोडायलाही सांगितला. त्याच्यानंतर एक बाई होती, पन्नाशीची, बिरवाडीकडची, गुडघ्यासाठी आलेली. मी तिला पुढ्यात बसवून विचारलं, पाळी कधी आली होती, मावशी. ती मोठ्याने हसली. "काय गो विचारतेस, माजी बंद होऊन चार वर्सं झाली." मी रजिस्टर ओढलं आणि तिच्या रकान्यात बरोबरची खूण केली. मग त्याच पानावरून मागे जाऊन तीन आठवड्यांपूर्वीची खूण पाहिली. दोन्ही अगदी एकसारख्या होत्या.